राऊटरची परीक्षा मे महिन्यात घ्या

वऱ्हाडातल्या गावांना इंटरनेट देण्याची चर्चा निघाली की ती तारेपासून सुरू होते आणि तारेपाशीच संपते. केंद्राने २०११ मध्ये नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्कला मंजुरी दिली, पुढे त्याचे नाव ‘भारतनेट’ झाले, महाराष्ट्रात ‘महानेट’च्या नावाने दुसरा टप्पा आला आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये सुधारित भारतनेटसाठी सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपयांना मान्यता मिळाली. या सगळ्या काळात किती किलोमीटर केबल पडली, किती ग्रामपंचायती जोडल्या, याचे आकडे येत राहिले. ती केबल ग्रामपंचायतीच्या भिंतीतून आत शिरते आणि एका पेटीत संपते. ती पेटी खोलीत नेमकी कुठे, कशावर, कोणत्या विजेवर आणि किती उष्म्यात बसली आहे, याचा आकडा मात्र कुठल्याही आढाव्यात दिसत नाही. माझे म्हणणे असे की, राऊटर बसवणे हे बांधकाम आणि वीजजोडणी यांच्या तोलाचे काम आहे. निविदेत त्याची स्वतंत्र बाब हवी, ते परवानाधारक माणसाकडून व्हायला हवे आणि अमरावती-अकोल्यापुरते बोलायचे तर त्याची अंतिम तपासणी मे महिन्यातच व्हायला हवी.

मेळघाटातले हरिसाल हे या विषयात आठवण्यासारखे गाव. धारणी तालुक्यातल्या या गावाची २०१६ च्या सुमारास, राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या सहकार्याने, ‘डिजिटल गाव’ म्हणून देशभर जाहिरात झाली. तीन वर्षांनी, २०१९ च्या लोकसभा प्रचारात, राज ठाकरे यांनी याच गावाची चित्रफीत सभांमधून दाखवली आणि हरिसाल राजकारणाचा विषय झाले. दोन्ही बाजूंनी वाद झाला तो गाव डिजिटल झाले की नाही, या हो-नाहीच्या प्रश्नावर. असा प्रश्न विचारला की उत्तरही तसेच मिळते. उद्घाटनाच्या दिवशी ‘हो’ आणि दोन पावसाळ्यांनंतर ‘नाही’, अशी दोन्ही उत्तरे एकाच वेळी खरी असू शकतात. मधल्या काळात यंत्रांचे काय होते, हे पाहणारा कोणी नसेल तर जाहिरात करणारा आणि टीका करणारा दोघेही आपापल्या जागी बरोबर ठरतात आणि गावकरी मात्र उताऱ्यासाठी तालुक्याला जातो.

यंत्रांचे काय होते, हे समजायला आधी उष्मा पाहावा लागेल. कार्यालयात वापरल्या जाणाऱ्या बहुतेक राऊटर आणि स्विचच्या माहितीपत्रकावर चालण्याची मर्यादा ० ते ४० अंश सेल्सिअस अशी छापलेली असते. हे तापमान यंत्राभोवतीच्या हवेचे. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जाणे नवे नाही, काही दिवस तर देशातल्या सर्वांत तप्त शहरांच्या यादीत अकोला वरच असते आणि अमरावती फार मागे नसते. वेधशाळेचा आकडा सावलीतल्या, हवेशीर पेटीतला असतो. पत्र्याच्या किंवा पातळ स्लॅबच्या छताखालची खोली, कार्यालय बंद झाल्यावर लावलेल्या खिडक्या, त्यात भिंतीवर उंच टांगलेली बंद पेटी आणि त्या पेटीत राऊटर, स्विच, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर व तीन-चार अ‍ॅडाप्टर अशी मांडणी असेल, तर आतली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी तापते. यंत्र जेवढे वॉट वीज घेते, तेवढी जवळपास सगळी शेवटी उष्णता होऊन त्याच पेटीत उतरते. वर गरम हवा साचते आणि आपल्याकडे यंत्र नेमके वर, छताजवळ बसवले जाते, कारण खाली पोरांचा हात लागतो.

तापलेले यंत्र लगेच बंद पडत नाही आणि खरी अडचण तीच आहे. ते दुपारी अडखळते, संध्याकाळी पुन्हा चालते. तक्रार नोंदवून तंत्रज्ञ दुसऱ्या दिवशी सकाळी येतो तेव्हा सगळे दिवे हिरवे असतात. आतले कपॅसिटर मात्र झिजत असतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरबाबत अभियंते एक ढोबळ नियम सांगतात की, तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. बॅटरीचेही तसेच. यूपीएसमधली सीलबंद शिसे-आम्ल बॅटरी २५ अंश धरून बनवलेली असते आणि त्यावरच्या साधारण आठ ते दहा अंशांना तिचे वय अर्ध्यावर येते. म्हणजे माहितीपत्रकातल्या आयुष्यावर विश्वास ठेवून चार-पाच वर्षांचा हिशेब मांडला, तर वऱ्हाडी खोलीत तो दीड-दोन वर्षांतच चुकतो. मग लाईन गेली की नेटही जाते आणि दोष महावितरणच्या नावावर पडतो. भारनियमनाचा दोष आहेच. पण बॅकअप बसवला होता तो वीज जाणार हे ठाऊक होते म्हणूनच ना?

उष्म्यावर वऱ्हाडाचा उपाय म्हणजे कूलर. माणसांसाठी तो उत्तम आहे. वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्यांतून आलेली हवा राऊटरवर सोडणे मात्र घातक, आणि अनेक कार्यालयांत हीच युक्ती ‘मशीन गार राहते’ म्हणून अभिमानाने केली जाते. कूलरची हवा ओली असते, तिच्यासोबत पाण्याचे सूक्ष्म थेंबही येतात आणि पाणी जसे असेल तसे क्षार त्या थेंबांत असतात. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात भूजलच खारट. त्या पाण्याचा कूलर ज्या खोलीत चालतो तिथल्या ताट्या क्षार साचून कडक होतात, हे घरोघरी माहीत आहे. तोच क्षार यंत्राच्या पट्टीवर, पोर्टच्या पितळी-सोनेरी टोकांवर बसतो. दिवसा ओल, रात्री सुकणे, पुन्हा ओल, असा उन्हाळा गेला की गंज चढतो. त्यावर जिनिंगच्या हंगामातली सरकी-कापसाची धूळ किंवा डाळमिलच्या परिसरातली भुकटी बसली, तर ओल धरून ठेवणारा एक थर तयार होतो. म्हणून कूलर खोलीत असला तरी त्याचा झोत यंत्राच्या दिशेने नको आणि यंत्र त्याच्या समोरच्या भिंतीवरही नको. हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही, पण ते कुठे लिहून ठेवलेले नसते.

लिहिलेले नाही असे म्हणणेही पूर्ण खरे नाही. मोठ्या राऊटरसोबत येणाऱ्या पुस्तिकेत सुरक्षित बसवणीची पाने असतातच आणि ती सगळ्या कंपन्यांची जवळपास सारखी आहेत. रॅक आधी जमिनीला किंवा भिंतीला पक्का करा, आधाराचे पाय लावा, मग यंत्र चढवा. एकच यंत्र असेल तर ते तळाशी बसवा. अनेक असतील तर जड खाली, हलके वर आणि भरणे खालून वर. जड यंत्र एकट्याने उचलू नका. हवा जिथून शिरते आणि जिथून निघते त्या बाजू मोकळ्या ठेवा. वीज देण्याआधी अर्थिंगची तार जोडा, काढताना ती सर्वांत शेवटी काढा. रॅकची रुंदी जगभर १९ इंच ठरलेली आणि उंचीचे एकक ‘यू’ म्हणजे पावणेदोन इंच, त्यामुळे कुठल्याही कंपनीचे यंत्र कुठल्याही रॅकमध्ये बसते. पण बसते म्हणजे पेलते असे नाही. समोरच्या दोन पत्र्याच्या कानांवर लांब, जड यंत्र टांगले की मागचा भाग खाली वाकतो. त्याला खालून ट्रे किंवा मागून आधार लागतो. भिंतीवरच्या सहा ‘यू’च्या पेटीत कोणी सोय म्हणून यूपीएसची बॅटरीही ठेवली, की पोकळ प्लास्टरमध्ये ठोकलेल्या खिळ्यांवर वीस-पंचवीस किलो लोंबकळू लागतात. जुन्या ग्रामपंचायतींच्या मातीच्या जोडाईच्या भिंती पाहता तिथे आरपार बोल्ट तरी हवा, नाहीतर जमिनीवर उभा रॅक. बॅटरीची जागा तशीही खालीच. पाणी घालायची ट्युब्युलर बॅटरी तर यंत्राच्या बंद कपाटात कधीच नको, कारण चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते आणि हवेत तो चार टक्क्यांवर गेला की ठिणगी पुरते.

आता अर्थिंग. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते, कारण बाकीच्या चुका यंत्र मारतात, ही माणूसही मारू शकते. अ‍ॅडाप्टर आणि वीजपुरवठ्याच्या प्रत्येक यंत्रातून थोडा गळतीचा प्रवाह धातूच्या सांगाड्याकडे जातो. एकट्याचा तो नगण्य. पाच-सहा यंत्रे एका लोखंडी रॅकला जोडली आणि त्या रॅकला अर्थिंगच नसले, तर बेरीज हाताला जाणवते. रॅकला हात लावल्यावर झिणझिण्या येतात म्हणून चप्पल घालून काम करायची पद्धत पडते आणि रोगाऐवजी लक्षणाची सोय होते. त्याच सांगाड्याला एखाद्या दिवशी सोललेली फेजची तार टेकली तर फ्यूज उडण्यासाठीही अर्थिंगच लागते. काळी माती इथे दुटप्पी वागते. ओली असताना ती वीज चांगली वाहून नेते. उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि अर्थिंगच्या पाइपभोवतीची पकड सुटते. पावसाळ्यात किंवा दिवाळीच्या सुमारास घेतलेली मोजणी म्हणून सुंदर येते आणि त्याच खड्ड्याची मे महिन्यातली मोजणी वेगळेच बोलते. खारपाणपट्ट्यात आणखी एक गंमत आहे. खारट जमिनीमुळे सुरुवातीचे वाचन फारच छान येते आणि त्याच क्षारांनी लोखंडी पाइप काही वर्षांत खाल्लेला असतो. तिथे दरवर्षी मोजणे हाच उपाय, आणि उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालायचे काम कोणाच्या तरी नावावर लिहिलेले हवे.

अर्थिंगबाबत एक गैरसमज तर शिकल्या-सवरल्या मंडळींतही पक्का आहे. ‘कॉम्प्युटरचे अर्थिंग वेगळे हवे’ म्हणून इमारतीच्या मागे दुसरा खड्डा खणतात आणि तो मुख्य अर्थिंगला जोडतच नाहीत. भारतीय मानक आयएस ३०४३ चा रोख याच्या उलट आहे, एका इमारतीतली अर्थिंगे एकमेकांना जोडलेली असावीत असा. कारण जवळपास वीज कोसळली की दोन सुट्या खड्ड्यांच्या दाबात क्षणभर प्रचंड फरक पडतो आणि त्या दोहोंना जोडणारा एकमेव दुवा यंत्र हाच असतो. मृगाच्या आधीच्या वळवात विदर्भात विजा किती पडतात, हे वेगळे सांगायला नको. फायबर स्वतः वीज वाहत नाही म्हणून आपण सुरक्षित, असेही अनेकांना वाटते. काचेचा धागा वाहत नाही हे खरे, पण केबलला पोलादी कवच किंवा खांबांवरून ओढताना आधाराची तार असेल तर ती वाहते. आणि गच्चीवरच्या अँटेनापासून किंवा चौकातल्या कॅमेऱ्यापासून राऊटरपर्यंत आलेली तांब्याची केबल तर वीज थेट घरात आणते. त्या केबलवर, इमारतीत शिरण्याच्या जागी, सर्ज अरेस्टर हवा. तीच केबल ज्या पाइपातून उतरते, तो पाइप पावसाचे पाणीही उतरवतो. भिंतीत शिरण्याआधी केबलला खाली एक वळसा दिला की पाणी तिथे गळून जाते. चिखलदऱ्याच्या पावसात या एका वळशाची किंमत यंत्राएवढी आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, गावातले नेट बंद पडते ते मुख्यतः केबल तुटल्यामुळे. रस्त्याचे रुंदीकरण, जलजीवनची पाइपलाइन, शेतातला जेसीबी यांनी फायबर तुटते. मग खोलीतल्या रॅकवर एवढा जोर कशाला? आक्षेप खरा आहे आणि मी तो नाकारत नाही. पण केबल तुटली तर ती कुठे तुटली हे यंत्राने मोजता येते, जबाबदार कोण हे ठरवता येते आणि सुधारित भारतनेटमध्ये ग्रामपंचायती रिंगने जोडायच्या आहेत, म्हणजे एका बाजूने तुटले तरी दुसऱ्या बाजूने चालावे. रिंगचा हा सगळा खर्च शेवटी एका राऊटरवर येऊन टेकतो. त्याला दुसरी बाजू नाही. तो झेरॉक्स मशीन आणि चहाच्या किटलीसोबत एकाच एक्स्टेंशन बोर्डावर असेल आणि साहेबांच्या मोबाइलच्या चार्जरसाठी कोणी त्याचीच पिन काढत असेल, तर दोन्ही दिशांनी आलेले नेट त्या बोर्डापाशी थांबते. राऊटरसाठी स्वतंत्र एमसीबी आणि स्वतंत्र सॉकेट एवढी साधी गोष्ट रिंगइतकीच महत्त्वाची आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. लहान ग्रामपंचायतीला घरपट्टी वसूल होत नाही, ती रॅक आणि अर्थिंग कुठून करणार? इथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. चार पोर्टच्या डबीला एकोणीस इंची रॅक लागत नाही. तिला एक लोखंडी फळी, चारही बाजूंना वीतभर मोकळी जागा, डोक्याखालची उंची, खिडकी-कूलरपासून अंतर आणि पक्की वीजजोडणी पुरते. हा खर्च नाही, निर्णय आहे. जिथे स्विच, रेकॉर्डर, यूपीएस आले तिथे रॅक लागतो आणि तो काही हजारांत येतो. कोट्यवधींच्या योजनेत ही रक्कम ग्रामपंचायतीच्या माथी मारणे हाच अन्याय आहे. ती मूळ निविदेतच हवी. चोरीची भीतीही सांगितली जाते. बॅटऱ्या आणि सौर पॅनल यांची चोरी ही कल्पना नाही, आणि म्हणूनच सचिव यंत्र लोखंडी कपाटात कोंडून कुलूप लावतात. जाळीच्या दाराचा, कुलूप असलेला रॅक हे त्याचे उत्तर आहे, ज्यातून हवा जाते आणि हात जात नाही. एसी लावण्याचा सल्ला मात्र मी देणार नाही. लाईन गेल्यावर एसी बंद आणि बॅटरीवर राऊटर चालू, अशा बंद खोलीत स्थिती पूर्वीपेक्षा वाईट होते. त्याऐवजी साठ-सत्तर अंशांपर्यंत चालणारी औद्योगिक दर्जाची यंत्रे मिळतात. वऱ्हाडासाठी ती अट घालावी आणि छताला पांढरा चुना मारावा.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: एवढे नियम केले तर काम रेंगाळेल. परवानाधारक वायरमन गावोगाव मिळत नाही, केबलवाल्याचा मुलगा अर्ध्या तासात जोडून देतो. पण वीजसुरक्षेचे केंद्रीय विनियम आजही सांगतात की, दिवा-पंखा-फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडली तर वीजजोडणीचे काम परवानाधारक ठेकेदाराकडून आणि पात्र पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली व्हावे. नवा नियम करायचा नाहीच, असलेला पाळायचा आहे. केबलवाल्याच्या मुलाने फायबर जोडावे, तो ते सफाईने करतो. फक्त त्याला कोणीतरी सांगायला हवे की जिवंत फायबरच्या टोकात डोळा लावून पाहू नये, कारण त्यातला लेझरचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही आणि इजा मात्र करू शकतो, आणि उरलेला फायबर खिळ्याला गुंडाळताना मुठीपेक्षा लहान वेटोळे करू नये. वीज आणि अर्थिंग हे वायरमनचे काम. आयटीआयमध्ये वायरमन आणि इलेक्ट्रिशियनचे अभ्यासक्रम अमरावतीतही आहेत, अकोल्यातही. तिथल्या मुलांना रॅक आणि डेटा केबलचे चार दिवसांचे काम जोडून शिकवले, तर माणसांची अडचण एका वर्षात सैल होईल.

निष्काळजीपणाची किंमत किती मोठी असू शकते, याचे ताजे उदाहरण दक्षिण कोरियाचे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन शहरातल्या सरकारी डेटा केंद्रात यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्या हलवण्याचे काम चालू असताना आग लागली आणि देशाच्या ७०९ सरकारी संगणक प्रणाली बंद पडल्या. ज्या देशाच्या इंटरनेटचे दाखले जग देते, तिथे टपालापासून ओळखपत्रापर्यंतच्या सेवा अडल्या. अकोल्याच्या एखाद्या ग्रामपंचायतीची आणि देजॉनची तुलना आकाराने होणार नाही. धोक्याची जागा मात्र तीच आहे: बॅटरी, तिची जागा आणि ती हाताळणारा माणूस. आपल्याकडे आता यूपीएसही लिथियमचे येऊ लागले आहेत, आणि ४५ अंशांच्या खोलीत त्यांना कुठे ठेवायचे हे आजच ठरवलेले बरे.

मे महिन्याचा आग्रह कशासाठी, हे आता स्पष्ट व्हावे. आपल्याकडची बहुतेक कामे मार्चअखेर ताब्यात घेतली जातात, कारण निधी तेव्हा संपतो. दिवे लागले, वेग मोजला, फोटो काढला, सही झाली. मार्चमध्ये खोली अजून सहन होते, मातीत थोडी ओल असते, कूलर माळ्यावर असतो. जे बिघडणार आहे ते सगळे नंतरच्या दहा आठवड्यांत बिघडते. म्हणून देयकाचा काही भाग, समजा पाचवा हिस्सा, मेअखेरच्या तपासणीपर्यंत राखून ठेवावा. तपासणी एका पानाची असावी आणि मराठीत: दुपारी तीन वाजता रॅकच्या आतले तापमान किती, अर्थिंगचे वाचन किती, वीज तोडल्यावर बॅटरी किती मिनिटे चालली, रॅक हाताने हलवल्यावर हलतो का, वर पाणी गळण्याची खूण आहे का. खाली ठेकेदार, ग्रामपंचायत अधिकारी आणि वायरमन अशा तिघांच्या सह्या. सुधारित भारतनेटमध्ये उभारणीनंतर दहा वर्षांची देखभालही ठेकेदाराकडेच आहे, मग तो आपणहून नीट करील, असे कोणी म्हणेल. यंत्रापुरते तो करीलही. खोली, छत, मीटर आणि अर्थिंगचा खड्डा मात्र ग्रामपंचायतीचे, आणि यंत्र तापले तर ठेकेदार खोलीकडे बोट दाखवणार, ग्रामपंचायत यंत्राकडे. त्या एका पानावर तिघांच्या सह्या एकत्र हव्यात त्या यासाठी, आणि त्या पानाची एक प्रत रॅकच्या दारालाच चिकटवावी, म्हणजे पुढच्या मे महिन्यात मोजणाऱ्याला मागचे आकडे शोधत जिल्हा परिषदेत जावे लागणार नाही.